१९२२चा चिन्हाविना सेंट आणि ठशात साचलेला मळ

छापकामाच्या वेळी मध्ये आलेल्या कचऱ्यामुळे सदोष निघालेल्या नाण्यांना आपल्याकडचे विक्रेते सरसकट ‘मिसप्रिंट’ म्हणतात. या एका शब्दाखाली दोन अगदी निराळ्या घटना झाकल्या जातात. दोरा, तारेचा तुकडा, धातूची कपची किंवा पुसण्याच्या फडक्याची चिंधी कोऱ्या चकतीवर पडून ठशाखाली चेपली गेली, तर तिचा आकार नाण्यात खोलगट उमटतो. पुढच्या आघाताला ती वस्तू तिथे नसते, म्हणून असे नाणे एकुलते एक असते. याउलट यंत्राचे वंगण आणि धातूची भुकटी यांचा लगदा ठशाच्या एखाद्या खाचेत घट्ट बसला, तर नाण्यावर उठून दिसायला हवे ते अक्षर पुसट उमटते किंवा उमटतच नाही, आणि ठसा पुसला जाईपर्यंत पुढची सारी नाणी तोच दोष घेऊन बाहेर पडतात. कधी हा कडक झालेला लगदा खाचेतून सुटून खालच्या चकतीवर पडतो आणि त्याच अक्षराचा खोलगट छाप नाण्यावर भलत्याच जागी, सरळ किंवा उलटा उठतो. संग्राहकांच्या दृष्टीने ही दुर्मीळ आणि फार बोलकी नाणी आहेत, कारण दोषाचे कारण त्यांच्यावरच वाचता येते.

हातोड्याने नाणी पाडण्याच्या काळातही ठशात मळ साचत असणार. पण त्या नाण्यांत तो ओळखणे अवघड आहे. शिवराईचेच पाहिले, तर चकती बहुधा ठशापेक्षा लहान असे आणि अक्षरे काठाबाहेर जात, त्यामुळे एखादे अक्षर मळाने गेले, झिजेने गेले की चकतीबाहेर राहिले, हे क्वचितच सांगता येते. कचऱ्याच्या दोषांचा संग्रह हा यंत्रयुगातला छंद आहे. सगळी नाणी सारखीच असावीत अशी अपेक्षा निर्माण झाल्यावरच वेगळे नाणे नजरेत भरू लागले.

या छंदाचे नियम ज्या नाण्यावरून घडले आणि अजूनही ज्याच्यावरून बिघडतात, ते म्हणजे अमेरिकेचा १९२२ सालचा लिंकन सेंट. त्याची गोष्ट भारतापासून सुरू होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतात लोक नोटा देऊन चांदीचे रुपये मागू लागले आणि १९१८मध्ये सरकारी तिजोरीतला रुपयांचा साठा संपण्याच्या बेतात आला. ब्रिटनने अमेरिकेकडे चांदी मागितली आणि एप्रिल १९१८मध्ये तिथे एक कायदा होऊन साठ्यातले २७ कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवण्यात आले. त्यातली बहुतेक चांदी भारतासाठी विकली गेली. वितळवलेल्या डॉलरांच्या जागी देशी खाणींतल्या चांदीचे नवे डॉलर पाडण्याचे बंधन त्याच कायद्यात होते. त्यामुळे १९२२ साली तिथल्या तिन्ही टांकसाळींनी मिळून ८ कोटी ४० लाखांहून अधिक डॉलर पाडले. मंदीमुळे सुट्या नाण्यांना मागणी कमीच होती. सेंट पाडण्याचे काम त्या वर्षी एकट्या डेन्व्हरकडे राहिले आणि त्या टांकसाळीने ७१ लाख ६० हजार सेंट पाडले.

डेन्व्हरच्या नाण्यावर सालाखाली ‘डी’ हे अक्षर असते, तर फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतल्या सेंटवर त्या काळी कोणतेच चिन्ह नसे. डेन्व्हरचे ठसेही फिलाडेल्फियातच तयार होत आणि ‘डी’ प्रत्येक ठशावर हाताने ठोकला जाई. ठशावरच्या खाचांमध्ये ही खाच अगदी लहान असल्याने मळाने ती लवकर बुजे. डेन्व्हरमध्ये ठसे पूर्ण झिजेपर्यंत वापरले गेले आणि काही ठशांवरचा ‘डी’ आधी अंधूक झाला, मग दिसेनासा झाला. फिलाडेल्फियाने त्या वर्षी एकही सेंट पाडलेला नसल्याने चिन्ह नसलेला १९२२चा प्रत्येक अस्सल सेंट डेन्व्हरचाच असला पाहिजे, हे नोंदवहीच सांगते. संग्राहक ज्यांत नाणी खोचून ठेवतात, त्या काही छापील पुठ्ठ्यांमध्ये या नाण्यासाठी वेगळी खाच ठेवली गेली. खाच आली की ती भरण्याची ओढ येते, आणि तिच्यामागून किंमतही येते.

वाद आहे तो या खाचेत नेमके कोणते नाणे बसवायचे याचा. अभ्यासकांनी चिन्हाविना नाणी देणाऱ्या ठशांच्या जोड्या वेगळ्या काढल्या. त्यांतल्या एका जोडीची मागील बाजू ताजी आणि रेखीव आहे, गव्हाच्या ओंब्यांच्या रेघा स्पष्ट आहेत, तर दर्शनी बाजूवर सालातला दुसरा २ पहिल्यापेक्षा ठळक उमटला आहे. या जोडीचे प्रचलित स्पष्टीकरण असे, की मध्ये चकती नसताना दोन्ही ठसे एकमेकांवर आदळले, आदळण्याच्या खुणा काढण्यासाठी दर्शनी ठसा घासला गेला आणि त्या घासण्यात ‘डी’ची उथळ खाचही गेली, मागचा ठसा मात्र बदलून नवा बसवला गेला. उरलेल्या जोड्यांमध्ये दोन्ही बाजू झिजलेल्या आहेत आणि ‘डी’ मळाने बुजलेला आहे. तिरप्या प्रकाशात भिंगाखाली धरल्यास त्यातल्या अनेक नाण्यांवर त्याची सावली दिसते. नाण्यांची पारख करून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांनी पहिल्या जोडीला पूर्ण मान दिला आणि बाकीच्यांना ‘कमकुवत’ म्हणून खालच्या पायरीवर बसवले. आज दोघांच्या किमतींत मोठे अंतर आहे.

या निर्णयामागचा युक्तिवाद दुर्लक्ष करण्यासारखा नाही. ठसा घासला गेला, तर त्याचे रूप कायमचे बदलते आणि त्यातून निघालेले प्रत्येक नाणे सारखे असते. मळ मात्र येतो-जातो, त्यामुळे मळाने बुजलेल्या ठशाची नाणी कधी अर्धा ‘डी’ दाखवतात तर कधी काहीच दाखवत नाहीत, आणि अशा सरकत्या अवस्थेला स्वतंत्र प्रकार मानले तर रेघ कुठे ओढायची हा प्रश्न उरतो. तरीही हा निर्णय प्रस्तुत लेखकाला अन्यायाचा वाटतो. त्या वर्षी डेन्व्हरमध्ये ठसे कसे राबवले गेले याचा खरा पुरावा मळाने बुजलेल्या नाण्यांतच आहे. त्यांच्यावर ‘डी’ मावळण्याचे टप्पे एकापुढे एक लावता येतात आणि ते बाजूला सारून फक्त शेवटच्या स्वच्छ रिकाम्या जागेला मोल देण्यात अभ्यासापेक्षा बाजाराची सोय अधिक आहे. याच सोयीने बनावटीलाही वाट दिली. साध्या १९२२-डी सेंटवरचा ‘डी’ खरवडून काढण्याचा उद्योग जुना आहे, आणि पारख करताना सालाखालची रिकामी जागा पाहण्यापूर्वी मागच्या ओंब्या पाहाव्या लागतात त्या त्यामुळेच.

पुढे २००५ साली अमेरिकेच्या कॅन्सस राज्याच्या पाव डॉलरवर ‘ट्रस्ट’ या शब्दातला पहिला ‘टी’ वंगणाने बुजला आणि ‘इन गॉड वुई रस्ट’ असे वाचता येणारी नाणी चलनात गेली. राज्यांच्या नाण्यांची मालिका १९९९पासून दर वर्षी पाच नमुने याप्रमाणे निघत होती आणि हजारो नवे लोक सुटे पैसे निरखत होते. म्हणूनच हे नाणे इतक्या लवकर सापडले. या नाण्याने एक चुकीचा समजही पसरवला. एखादे अक्षर गळले की नाणे मौल्यवान, असे लोकांना वाटू लागले. पण वंगणाने पुसट झालेली बहुतेक नाणी त्यांच्या दर्शनी किमतीपेक्षा फारशी वर जात नाहीत, आणि कॅन्ससच्या नाण्याला भाव मिळाला तो गळलेल्या अक्षराने नवा शब्द घडवल्यामुळे.

भारतीय नाण्यांत हाच प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. आपल्या चलनी नाण्यांवर सालाखाली मुंबईचा डायमंड, हैदराबादचा तारा किंवा १९८८पासून नाणी पाडणाऱ्या नोएडाचा गोल ठिपका असतो. कोलकात्याच्या नाण्यावर काहीच नसते. मुंबईच्या ठशावरची डायमंडची खाच मळाने भरली, तर नाणे पाहणाऱ्याला ते सहज कोलकात्याचे वाटते. डेन्व्हरच्या बाबतीत फिलाडेल्फियाची रिकामी नोंदवही साक्षीला होती. इथे मात्र अनेक सालांत, अनेक मूल्यांची नाणी कोलकात्यानेही पाडलेली आहेत, आणि चिन्ह नसणे हा काहीच पुरावा ठरत नाही. विक्रीला येणाऱ्या ‘विना मिंट मार्क’ नाण्यांविषयीचे बहुतेक दावे इथेच कोसळतात.

अशा वेळी सालाच्या अंकांची घडण आणि काठापासूनचे अंतर त्याच सालच्या निरनिराळ्या टांकसाळींच्या नाण्यांशी ताडून पाहावे लागते, आणि ठशावरचा एखादा बारीक ओरखडा किंवा तडा शोधावा लागतो. ठशाचा तडा मळासारखा पुसला जात नाही. तो त्या ठशाच्या पुढच्या प्रत्येक नाण्यावर उमटतो. एकाच तड्याची तीन नाणी हाती आली, पहिल्यावर डायमंड पूर्ण, दुसऱ्यावर अर्धा आणि तिसऱ्यावर जागा रिकामी असली, तर त्या तिसऱ्या नाण्याला कोलकात्याचे म्हणता येत नाही.