एआय वर्गात येण्याआधी काय काय येऊन गेलं

शिक्षकांना एआय शिकवायचं म्हटलं की पहिला प्रश्न निघतो तो ॲप कोणतं आणि टॅब किती. शाळेत यंत्रं पूर्वीही आली, तेव्हाही चर्चा इथूनच सुरू झाली आणि बरेचदा इथेच संपली.

1984 साली केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पात निवडक माध्यमिक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले. डिसेंबर 2004 मध्ये शाळांत संगणक शिक्षणासाठी केंद्राची आयसीटी योजना आली, संगणक कक्ष झाले आणि त्यांना कुलपंही लागली. 5 सप्टेंबर 2017 ला ‘दीक्षा’ हे ऑनलाइन शैक्षणिक साहित्याचं व्यासपीठ सुरू झालं, बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड छापले गेले. प्रशिक्षणात मात्र यंत्र सुरू कसं करायचं एवढंच. उद्याचा तास त्यावर कसा घ्यायचा, हे राहून जायचं.

साताऱ्याला दुसरी वाटही ठाऊक आहे. खेड्यांतल्या शाळांना तयार शिक्षक हवेत म्हणून कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1935 मध्ये इथे अध्यापक विद्यालय काढलं. अलीकडे सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट, म्हणजे शाळांचा एक गट, ज्ञानरचनावादासाठी (मूल स्वतः करून बघत शिकतं, या पद्धतीसाठी) गाजलं. फरशीवर आखलेले तक्ते, काड्यांचे दशक-सुटे, खर्च किरकोळ. राज्यभरातून शिक्षक आले ते भाषण ऐकायला नव्हे, चालू वर्ग बघायला.

30 नोव्हेंबर 2022 ला चॅटजीपीटी खुलं झालं, तेव्हा शाळेत कुठलाच खोका उतरला नाही. ते थेट गुरुजी-बाईंच्या मोबाइलमध्ये आलं आणि पहिला उपयोग, अर्थातच, प्रश्नपत्रिकेसाठी! सप्टेंबर 2023 मध्ये युनेस्कोने वर्गातल्या वापरासाठी किमान वय 13 सुचवलं. म्हणजे प्राथमिक शाळेत हे साधन शिक्षकानेच हाताळायचं.

सुरुवातीला केंद्राच्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत एकच घटक घ्यावा. उदाहरणार्थ, पाचवीचे अपूर्णांक. चॅटजीपीटीसारख्या साधनाला नुसतं ‘गणितं दे’ म्हटलं तर अपूर्णांकाला ‘भिन्न’ आणि छेदाला ‘हर’ असे हिंदी शब्द येऊ शकतात, कारण या साधनांनी वाचलेला मराठी मजकूर तुलनेने थोडा आहे. म्हणून आधी पाठ्यपुस्तकातल्या पानाचा फोटो द्यायचा, मग सांगायचं: याच संज्ञा वापर, छेद 10 पर्यंतच, तासगावच्या बेदाण्यावर 5 शाब्दिक उदाहरणं. तरीही ‘15 किलोच्या पेटीतला 1/4 भाग’ असं काही येतं आणि उत्तर निघतं पावणेचार. ज्यांना अजून पूर्ण भागाकारच जमतो, त्यांच्यापुढे ते ठेवून उपयोग नाही. पेटी 16 किलोची केली की 4 येतात. (बाजारात 16 किलोची पेटी कोण देतो, हे पोरं विचारणारच.) उत्तरसूचीवर विसंबू नये. उदाहरणं आधी स्वतः कागदावर सोडवावीत. भाषा सफाईदार असली की आकड्यातली चूक नजरेतून सुटते.

मुलांची नावं, हजेरी, गुण यांतलं काहीही त्यात टाकायचं नाही. ‘विद्यार्थी क’ म्हटलं तरी काम भागतं. तयार पानाची झेरॉक्स काढली की वर्गात नेटही लागत नाही.