कॉन्व्हेंटमध्ये मुलांना बायबल शिकवतात का?

रामबाग, लोकमान्य नगर भागात प्रवेशाचे दिवस आले की आजी-आजोबा हमखास म्हणतात, "कॉन्व्हेंटात घालू नका, निम्मा वेळ बायबलमध्येच जातो." इंदूरच्या मराठी घरांत हे वर्षानुवर्षं चालत आलंय आणि ते चुकीचं आहे.

कॅथलिक शाळा असली तरी अभ्यासक्रम बोर्डाचाच. सीबीएसई शाळेत तिसरीपासून 'परिसर अभ्यास' असतो, त्यात विज्ञान आणि सामाजिक शास्त्रं एकत्र. पाण्याचाच धडा घ्या. घरात पाणी कुठून येतं हे मुलं विचारून येतात. इंदूरच्या मुलाचं उत्तर थेट सत्तर किलोमीटरवरच्या नर्मदेपर्यंत पोचतं. मग गणिताच्या तासाला बादली-तांब्यानं लिटर मोजायचं आणि हिंदीत नदीवर चार ओळी लिहायच्या. मला तर हेच खरं शिक्षण वाटतं.

धर्मशिक्षण, म्हणजे कॅटेकिझम, कॅथलिक मुलांसाठी असतं. बाकीच्यांना त्या वेळी साधारणपणे नीतिशिक्षण: खरं बोलणं, वाटून खाणं. सकाळची प्रार्थना असते, हे खरं. पण राज्यघटनेच्या कलम 28(3) नुसार, सरकारमान्य शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. नको असेल तर तसं लेखी द्या.

काळजी करायचीच तर मराठीची करा. इथल्या बहुतेक इंग्रजी शाळांत, मग त्या कुणाच्याही असोत, मराठी विषयच नसतो. ते घरीच शिकवावं लागेल, आणि ते काम आजी-आजोबांइतकं चांगलं कुणालाच जमणार नाही.