विळीचं बिजागर आणि रायफलची माशी

खानापूर तालुक्यात माझे मामा राहतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. या रेजिमेंटचं केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. आमच्याकडं पलटणीतला एखादा मामा नाही असं गाव शोधावं लागेल.

गणपतीला गेलो तेव्हा त्यांना रायफलीवर नेम धरायच्या घडीच्या साइटबद्दल विचारलं. आता रायफलीवर लाल ठिपक्याची साइट किंवा दुर्बीण बसवतात. पण बॅटरी संपते, पावसात काचेवर वाफ धरते. (जांबोटीच्या पावसात चष्मा लावून फिरणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.) अशा वेळेसाठी पुढची माशी (नेम धरायचा बारीक उभा खुंटा) आणि मागचं भोक असलेली साधी साइट आडवी निजवून ठेवलेली असते. बोटानं उचलली की खटकन उभी राहते. माझी शंका एवढीच, की बिजागर आलं म्हणजे ढिलाई आली, मग नेम कसा धरणार?

मामा उठले आणि स्वयंपाकघरातून मामींची घडीची विळी घेऊन आले. जुनी, खिळा झिजलेली. "हलवून बघ की. कुठं हलालीया?"

पातं पुढं-मागं थोडं हलत होतं, आणि डाव्या-उजव्या बाजूलाही. मामींची तक्रार दुसऱ्या हलण्याबद्दल होती: कांदा तिरका कापला जातो. पहिल्याचं त्यांना काहीच वाटत नव्हतं.

साइटचंही नेमकं असंच आहे. दोन साइटींमधलं अंतर ५० सेंटिमीटर धरा. मागचं भोक बाजूला किंवा वर-खाली १ मिलिमीटर सरकलं, तर १०० मीटरवर गोळी २० सेंटिमीटर सरकते. एके-४७ वर हे अंतर ३७८ मिलिमीटरच असल्यानं तिथं तीच चूक २६ सेंटिमीटर होते. आता भोक बिजागरापासून ४ सेंटिमीटर उंच आहे आणि साइट २ अंश पुढं कलली, असं समजा. भोक पुढं सरकतं, पण त्याची उंची मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाएवढीच कमी होते. १०० मीटरवर फरक जेमतेम अर्धा सेंटिमीटर. तीच साइट २ अंश बाजूला कलली, तर भोक १.४ मिलिमीटर सरकतं आणि गोळी २८ सेंटिमीटर लांब जाते. अंश तेवढेच, नुकसान पन्नास पटीहून जास्त!

म्हणून साइट घडीची आहे का, यापेक्षा तिचं बिजागर किती रुंद आहे आणि बाजूनं किती घट्ट बसलंय, हे बघावं. स्प्रिंग आणि खटका साइट उभी ठेवतात, बाजूची ढिलाई त्यांना आवरत नाही.

माझ्या मते बिजागराहून मोठी गडबड पुढच्या माशीच्या जागेत असते. माशी नळीवर न बसवता हातात धरायच्या आवरणावर बसवली, तर आवरण दाबलं की तीही हलते. नळी मात्र जागेवरच. प्लास्टिकची माशी गॅस ब्लॉकवर (नळीतला गरम वायू जिथून बाहेर घेतात त्या ठोकळ्यावर) लावू नका, असं काही कंपन्याच सांगतात; बरेच राउंड झाडल्यावर तिथं ती उष्णतेनं मऊ पडते.

आणि ही साइट चांदमारीवर झिरो केलेलीच नसेल, म्हणजे गोळ्या झाडून नेमाशी जुळवून घेतलेलीच नसेल, तर बाकीचा हिशेब वायाच.

मामांनी सायकलचा पातळ वायसर शोधून विळीच्या खिळ्यात घातला, हातोडीनं दोन टोले दिले आणि विळी मामींकडं सरकवली. मामींनी कांदा घेतला.

"आता जरा जड उघडालीया," त्या म्हणाल्या.