जुने गोवे: गिलावा उतरला, जांभा उघडा पडला

जुन्या गोव्यात रस्त्याच्या एका बाजूला सी कॅथेड्रल पांढरेशुभ्र आणि दुसऱ्या बाजूला बॉम जेझूस बॅसिलिका तांबूस-तपकिरी, हे दृश्य सगळ्यांच्या ओळखीचे आहे. हा तांबूस रंग बॅसिलिकेचा मूळचा नव्हे.

पोर्तुगीजांची राजधानी असलेले हे शहर ओस पडण्याची प्रक्रिया लांबलचक होती. वारंवारच्या साथींनी वस्ती हटली, व्हाइसरॉयने १७५९ मध्ये मुक्काम पणजीला हलवला आणि १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. त्याआधीच, १८३५ मध्ये, धार्मिक संघांचे मठ बंद करण्यात आले होते. माणसे नसलेल्या इमारती गोव्याच्या पावसात किती टिकणार? सेंट ऑगस्टिनच्या चर्चचे छत १८४२ मध्ये कोसळले आणि मनोऱ्याचा बराचसा भाग १९३१ मध्ये. त्याची घंटा आज पणजीच्या चर्चमध्ये वाजते. जुन्या वाड्यांचे चिरे नव्या राजधानीच्या बांधकामात गेले. आदिलशाही राजवाड्याची तर आता एक चौकट तेवढी उभी आहे.

खरा वाद मात्र गिलाव्याचा आहे. १५९४ ते १६०५ या काळात उभारलेली ही बॅसिलिका जांभ्याची. दर्शनी भागातली कोरीव कामाची नक्षी वसईकडून आणलेल्या काळ्या बसाल्टची. जांभ्याच्या भिंतीवर चुन्याचा गिलावा होता. पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या दशकात, म्हणजे १९५० नंतरच्या डागडुजीत, तो खरवडून काढला गेला. इमारत अधिक प्राचीन दिसावी, हा हेतू. जांभा सच्छिद्र असतो, पाणी शोषतो, भुसभुशीत होतो. कोकणात उघड्या चिऱ्यांचे घर बांधतात तेव्हा भिंतीवर छपराची पाखी पुढे काढतात. इथल्या उंच दर्शनी भिंतीला तसला आडोसा नाही. तिला सांभाळणारा होता तो गिलावाच.

हा निर्णय चुकीचाच होता, असे माझे स्पष्ट मत आहे. पण तो मागे घेणे सोपे राहिलेले नाही. सत्तर वर्षांत दोन-तीन पिढ्यांनी तपकिरी बॅसिलिकाच पाहिली. पोस्टकार्डांवर तीच, लग्नाच्या फोटोंत तीच. पुन्हा चुना लावा म्हटले की अनेकांना तीच इमारतीची विटंबना वाटते. दगडाची झीज दाखवून गिलाव्याची बाजू मांडणारे संवर्धक एकीकडे आणि ओळखीचे रूप जपू पाहणारे भाविक दुसरीकडे. यात ‘मूळ रूप’ या शब्दाचा अर्थच दोन्हीकडे वेगळा होतो. भिंत मात्र दर पावसाळ्यात थोडी थोडी झिजतेच.

गोवा मुक्त झाल्यावर मुख्य वास्तू केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आल्या आणि १९८६ मध्ये ‘गोव्यातील चर्च आणि मठ’ म्हणून जागतिक वारसा यादीत गेल्या. नावातच मर्यादा आहे: यादीत वास्तू आल्या, शहर आले नाही. गल्ल्या, तटबंदीचे अवशेष, नदीकाठचा धक्का यांना त्या नावात जागा नाही. २०१० च्या कायदादुरुस्तीने संरक्षित वास्तूभोवती १०० मीटर बांधकामबंदी आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र ठरले. २०२१ मध्ये त्याच पट्ट्यातल्या एका बंगल्याविरुद्ध लोक उपोषणाला बसले. जुन्या घराची दुरुस्ती म्हणून मागितलेल्या परवानगीवर नवे घर उभे राहिले, हा त्यांचा आक्षेप होता.