ज्वारी, लेकरं आणि पोटातले जिवाणू

नागपूर जिल्ह्यात काटोलकडच्या एखाद्या घरी अजून आंबील होते. ज्वारीचं पीठ ताकात कालवून रात्रभर ठेवायचं, सकाळी लसूण-जिरं घालून शिजवायचं. वर आंबूस वास आला की जमली. लेकराच्या पोटात गेल्यावर या आंबिलीचं पुढे काय होतं, हे कळायला मात्र शंभरावर वर्षं लागली.

1885 साली थिओडोर एशेरिख यांनी म्युनिकमध्ये तान्ह्या मुलांच्या शीमधून एक जिवाणू वेगळा केला. तोच आजचा ई. कोलाय. पुढे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये हेन्री टिसिए यांना अंगावर पिणाऱ्या बाळांत बायफिडोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू सापडले. त्यानंतर काम रेंगाळलं, कारण आतड्यातले बहुतेक जिवाणू हवा लागली की मरतात, ते प्रयोगशाळेत वाढवणं अवघड. जनुकं वाचायची यंत्रं आली तेव्हा कुठे ही वस्ती नीट मोजता आली.

2010 सालच्या अभ्यासात बुर्किना फासोतल्या बुलपोन गावची 14 मुलं आणि इटलीतल्या फ्लॉरेन्सची 15 मुलं तपासली. बुलपोनचं जेवण म्हणजे बाजरी, ज्वारी आणि चवळी. आपल्याच शेतातली ज्वारी! तिथल्या दोन ते सहा वर्षांच्या मुलांच्या पोटात रोज साधारण 14 ग्रॅम तंतू (न पचणारा चोथा, म्हणजे फायबर) जायचे, फ्लॉरेन्समध्ये जेमतेम 8. गावच्या मुलांत प्रिव्होटेला, झायलॅनिबॅक्टर असे धान्याचा कोंडा फोडणारे जिवाणू भरपूर होते. ते तंतूंपासून लहान साखळीची आम्लं बनवतात, आणि त्यातल्या ब्युटिरेट नावाच्या आम्लावर मोठ्या आतड्याच्या पेशी जगतात. अर्थात मुलं थोडी होती, आणि बुलपोनमध्ये आई दोन वर्षांपर्यंत पाजते. पाणी, औषधंही वेगळी. सगळं श्रेय ज्वारीला देणं बरोबर नाही. पण 2017 मध्ये त्याच देशाच्या राजधानीतली, साखर आणि मांस जास्त खाणारी मुलं पाहिली, तर त्यांच्यात हे कोंडा फोडणारे जिवाणू कमी झालेले होते.

मूल तीनेक वर्षांचं होईपर्यंत ही वस्ती मोठ्या माणसासारखी होते, असं 2012 च्या एका अभ्यासात दिसलं. म्हणून पहिल्या तीन वर्षांतल्या ताटाची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते.

नागपूर जिल्ह्यात पूर्वेकडे, मौदा-रामटेकच्या बाजूला, भात पहिल्यापासूनच. काटोल, नरखेडकडे मात्र ज्वारीची भाकर, कण्या, सोबत अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी हेच जेवण होतं. मग सोयाबीन आलं, त्याला रोख पैसा मिळाला. ज्वारीचा दाणा भरला की पाखरं आणि रानडुकरं तुटून पडतात, राखण करायला घरात माणूस नाही. रेशनवर मिळतो गहू नि तांदूळ. त्यामुळे इथे गावचं लेकरू आणि शहरचं लेकरू असा सरळ फरक आता उरलेला नाही. नागपूर शहरात धरमपेठेतल्या शाळेच्या डब्यात जे बिस्कीट असतं, तेच गावच्या किराणा दुकानात दोरीला लटकलेल्या पाच रुपयांच्या पाकिटात मिळतं.