बिगफूटच्या आधीची झुनुक्वा

बिगफूट म्हणजे उत्तर अमेरिकेच्या रानात फिरतो असं म्हणतात तो माणसासारखा केसाळ राक्षस. हे नाव गाजलं १९५८ साली. उत्तर कॅलिफोर्नियात ब्लफ क्रीकजवळ रस्त्याचं काम चालू होतं. तिथल्या जेरी क्रू या बुलडोझरचालकाला मातीत सोळा इंची पावलं उमटलेली दिसली. त्याने प्लास्टरचा ठसा घेतला, 'हम्बोल्ट टाइम्स'ने ठशासकट त्याचा फोटो छापला आणि बातमी देशभर गेली. रस्त्याचा कंत्राटदार रे वॉलेस २००२ मध्ये वारला, तेव्हा घरच्यांनी लाकडात कोरलेली पावलांची जोडी बाहेर काढली; ते ठसे यांचेच, असं त्यांचं म्हणणं. बरेच जण तिथेच विषय मिटवतात. जरा घाई होते ती.

कारण त्याच प्राण्याचं 'सॅस्क्वॉच' हे दुसरं नाव त्याआधीचं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात चेहालिस या मूळनिवासी लोकांच्या वस्तीवर शिकवणाऱ्या जे. डब्ल्यू. बर्न्स यांनी तिथल्या हाल्कोमेलेम भाषेतला शब्द इंग्रजी जिभेला वळेल असा करून १९२९ मध्ये 'मॅक्लीन्स' मासिकातून कॅनडाभर पोचवला.

त्याच किनाऱ्यावर, व्हँकुव्हर बेटाच्या उत्तर भागात, क्वाक्वाकावाक्व या मूळनिवासी लोकांच्या कथांतली झुनुक्वा राहते. धिप्पाड केसाळ देह, खोल गेलेले डोळे, 'हू, हू' करताना पुढे आलेले लाल ओठ. पाठीवर टोपली. रानात एकटं सापडलेलं पोर टोपलीत टाकायचं आणि घरी नेऊन खायचं. म्हणजे आपला बागुलबुवाच, फक्त बाई. पण ही कायम पेंगुळलेली, म्हणून पोरं निसटतात. शिवाय तिच्या घरात धनाच्या राशी! पॉटलॅच म्हणजे यजमानाने आपली संपत्ती पाहुण्यांना वाटायचा समारंभ. त्यात तिचा काळा लाकडी मुखवटा चढवलेला नर्तक शेकोटीभोवती उलट्या दिशेने धडपडत फिरतो आणि मध्येच डुलकी काढतो.

कॅनडा सरकारने १८८५ पासून पॉटलॅचवरच बंदी आणली. १९२१ मध्ये व्हिलेज आयलंडवर मोठा पॉटलॅच झाला, तेव्हा लोकांना तुरुंगात टाकून मुखवटे जप्त केले. बंदी उठली १९५१ मध्ये. इकडे मासिकांतून केसाळ राक्षस खपत होता, तिकडे त्याच्या कुळातली मंडळी, म्हणजे हे मुखवटे, संग्रहालयांत पडून होती. परत मिळवलेल्या मुखवट्यांसाठी १९८० मध्ये अलर्ट बे इथे उमिस्ता केंद्र उघडलं.

१९६७ मध्ये रॉजर पॅटरसन आणि बॉब गिमलिन हे दोघे ब्लफ क्रीकलाच गेले आणि मिनिटभराची फिल्म घेऊन आले. खरं जनावर की सोंग, हा वाद अजून चालू आहे. चालता चालता कॅमेऱ्याकडे वळून बघणारी त्यातली आकृती मात्र मादीची आहे.