धक्का जातो कुठे? अर्धस्वयंचलित बंदूक निवडताना

सोलापुरात बंदुकीचा विषय निघाला की गप्पा कुणाच्या तरी आजोबांनी केलेल्या तित्तराच्या शिकारीपर्यंत जातातच. त्या गोष्टी आता गोष्टीच राहू द्याव्यात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधनं आली आणि 1991 च्या दुरुस्तीने ती बंदच झाली. जवळच नान्नजच्या माळावर माळढोकासाठी 1979 मध्ये अभयारण्य झालं, तरी आज तो पक्षी तिथे दिसला तर त्याची बातमी होते. तेव्हा आपल्याकडे बारा बोअर, म्हणजे छऱ्यांची बंदूक, खांद्याला लावायची ती तबकडीसाठीच, म्हणजे हवेत फेकलेली तबकडी फोडायच्या ट्रॅप आणि स्कीट या खेळांसाठी. ज्या देशांत बदकांच्या शिकारीचा मोसम असतो, तिथे मात्र एकच अर्धस्वयंचलित बंदूक (बार झाला की पुढचं काडतूस आपणच भरून घेणारी) शिकारीला आणि मैदानावर, दोन्हीकडे चालावी अशी अपेक्षा असते. खरा पेच इथेच आहे, कारण दोन्ही कामांचं भौतिकशास्त्र वेगळं आहे.

धक्क्यापासून सुरुवात करू. ऑलिंपिकच्या धर्तीवरच्या स्पर्धेत काडतुसात 24 ग्रॅम छरे असतात. वॅड (छरे आणि दारू यांच्यामधलं बूच) आणि दारू धरून अंदाजे 28 ग्रॅम ऐवज सेकंदाला 400 मीटरच्या आसपास वेगाने नळीतून सुटतो. संवेग अक्षय्यतेचा हिशोब मांडला तर साडेतीन किलोची बंदूक सेकंदाला सुमारे 3.2 मीटर वेगाने मागे येते आणि तीन किलोची 3.7 मीटरने. अर्धा किलो वजन कमी केलं की खांद्यावर येणारी ऊर्जा सहाव्या हिश्शाने वाढते. माळरानावर दिवसभर बंदूक वागवून मोजके बार काढणाऱ्याला ते परवडतं. पण पात्रता फेरीत 125 तबकड्यांना सामोरं जाणाऱ्याचा खांदा भरून येतो, आणि मग चाप ओढण्याआधीच डोळे मिटू लागतात. नेम बिघडतो तो इथे.

अर्धस्वयंचलित यंत्रणा हा संवेग नाहीसा करत नाही, तसं करताच येत नाही. वायूवर चालणाऱ्या बंदुकीत नळीच्या पोटाला बारीक भोकं असतात. जळत्या दारूच्या वायूचा थोडा भाग त्यांतून खाली शिरतो, दट्ट्याला ढकलतो, दट्ट्या बोल्टला (काडतुसामागे नळी बंद करणाऱ्या सरकत्या भागाला) मागे नेतो, रिकामं काडतूस उजवीकडे फेकलं जातं आणि स्प्रिंग परतताना नवं काडतूस आत भरते. या सगळ्या हालचालीत धक्का काही मिलिसेकंद जास्त वेळ पसरतो आणि त्याची टोकाची तीव्रता उतरते. किंमत मोजावी लागते ती काजळीची. दट्ट्या वेळेवर पुसला नाही तर बंदूक अडकायला लागते.

दुसरी जात जडत्वावर चालणारी. इटलीच्या बेनेल्ली कंपनीने ती गाजवली. तिच्यात बोल्टच्या दोन भागांमध्ये एक जाड, आखूड स्प्रिंग असते. एसटीने अचानक वेग घेतला की उभा प्रवासी जागच्या जागी राहू पाहतो आणि मागे झुकतो. तसंच बंदूक धक्क्याने मागे सरकते, बोल्टचा जड भाग मात्र जागीच राहू पाहतो आणि स्प्रिंग दाबली जाते. ती सुटली की बोल्ट मागे उसळतो. वायूला इथे काम नाही, म्हणून आतला भाग स्वच्छ राहतो आणि बंदूक हलकी होते. चिखलापाण्यातल्या शिकाऱ्याला हीच सोयीची. पण ही यंत्रणा बंदुकीच्या मागे सरकण्यावरच चालते, त्यामुळे हलक्या काडतुसाने कधी कधी स्प्रिंग पुरती दबत नाही.

तबकडीसाठी मी वायूवाली, थोडी जड बंदूक घ्या म्हणेन. तबकडी 110 मिलिमीटर व्यासाची, 105 ग्रॅमची, ताशी नव्वद किलोमीटरच्या आसपास वेगाची. पस्तीस मीटर जायला छऱ्यांना साधारण दशांश सेकंद लागतो. तेवढ्यात आडवी जाणारी तबकडी अडीच मीटर पुढे सरकते, म्हणून बार तिच्या पुढे टाकायचा आणि नळी फिरतीच ठेवायची. पुढून जड नळी एकदा फिरू लागली की सहज थांबत नाही, हलकी मात्र चाप ओढताना अडखळते.

इतकं असूनही ऑलिंपिकमध्ये जवळपास सगळ्यांच्या हाती वर-खाली नळ्यांची दुनळीच दिसते. ट्रॅपमध्ये दुसऱ्या बाराच्या वेळी तबकडी लांब गेलेली असते, त्यासाठी दुसऱ्या नळीला जास्त आवळ चोक, म्हणजे छरे फार पसरू न देणारं अरुंद तोंड, लावता येतो. एका नळीला ते जमत नाही. शिवाय दुनळी बिजागरीत उघडून हातात धरली की ती रिकामी आहे हे शेजाऱ्यालाही दिसतं. अर्धस्वयंचलित बंदुकीचा बोल्ट उघडा ठेवून रोज, प्रत्येक वेळी डोळ्यांनी खात्री करावी लागते. यात सवलत नाही. आपल्याकडे तिच्या परवान्याचे नियमही साध्या दुनळीपेक्षा कडक आहेत, ते आधी समजून घ्यावेत.

आणि कुठल्याही मैदानावर बंदूक पारखताना 24 ग्रॅमच्या काडतुसांची पेटी मागा. दुकानदार जड काडतुसं पुढे करील, ती नकोत. हलक्या काडतुसांवर बंदूक वरचेवर अडकत असेल, तर ती बदकांसाठी घडवलेली आहे. तबकडीसाठी दुसरी बघावी.